सातबारा पाहतो, पत अहवाल का नाही?

गेल्या वर्षी गोकुळाष्टमीच्या सुमारास आमच्या केंद्रावर कपाशीवरील गुलाबी बोंडअळी आणि कामगंध सापळे या विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण होते. सत्र संपले, शेतकरी पांगले. एक जण मात्र मागे थांबले. पन्नाशी ओलांडलेले, कोरडवाहू पट्ट्यात कपाशी-तूर करणारे, दहा-बारा वर्षे आमच्या प्रात्यक्षिकांत नेमाने सहभागी होणारे गृहस्थ. त्यांनी पिशवीतून घडी केलेला एक कागद काढला. "साहेब, हे शेतीचं नाही, पण जरा वाचून सांगता का?" मुलीला कृषी पदवीसाठी प्रवेश मिळाला होता आणि शैक्षणिक कर्ज नाकारल्याचे ते बँकेचे पत्र होते. सहकर्जदाराचा, म्हणजे वडिलांचा, पत अहवाल समाधानकारक नसल्याचे कारण त्यात नोंदवले होते.

"मी कुणाचा रुपयाही बुडवला नाही," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हे अक्षरशः खरे होते. २०१५-१६ च्या दुष्काळात त्यांचे पीक कर्ज थकले. व्याजासह ८६ हजारांची बाकी झाली. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली, ५२ हजार रुपये त्यांनी एकरकमी भरले आणि बँकेने खाते मिटल्याचे पत्र दिले. ते पत्र त्यांनी लॅमिनेशन करून जपून ठेवले होते. पत अहवालात मात्र त्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ असा शब्द होता. त्याचा अर्थ असा की बँकेने ३४ हजारांवर पाणी सोडले. भाऊंच्या लेखी ती कर्जाची सांगता होती. पुढच्या बँकेच्या लेखी तो इशारा होता.

या प्रसंगानंतर माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते विस्तार क्षेत्रातील सहकाऱ्यांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख. आपण शेतकऱ्याला माती परीक्षण करायला सांगतो. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका घरोघरी पोहोचवण्याची मोहीम आपणच राबवली. सातबारा तर आता शेतकरी मोबाइलवर पाहतो आणि फेरफारात एक अक्षर चुकले तरी तलाठी कार्यालय गाठतो. परंतु ज्या कागदावर त्याचे ठिबक, शेततळे, गोठा, ट्रॅक्टर आणि मुलांचे शिक्षण अवलंबून आहे, तो पत अहवाल त्याने आयुष्यात एकदाही पाहिलेला नसतो. आपणही कधी त्याला तो पाहायला सांगितलेला नसतो. हा बँकेचा विषय आहे, आपला नव्हे, अशी आपली समजूत आहे. ती मला चुकीची वाटते.

प्रथम हा कागद काय आहे, ते थोडक्यात. ‘सिबिल’ हा शब्द गावोगावी रूढ झाला असला, तरी ते एका कंपनीचे नाव आहे. पतविषयक माहिती कंपन्यांसाठीचा कायदा २००५ चा असून देशात सध्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँका, सहकारी बँका व वित्त कंपन्या आपापल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना कळवतात. पूर्वी ती महिन्याला जात असे, जानेवारी २०२५ पासून ती किमान पंधरवड्याला जावी असा दंडक रिझर्व्ह बँकेने घातला. त्या माहितीवरून ३०० ते ९०० या दरम्यानचा गुणांक काढला जातो. गणिताचे नेमके सूत्र कंपन्या उघड करीत नाहीत आणि चौघींचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. सर्वसाधारणपणे ७५० च्या पुढचा आकडा चांगला समजला जातो. मात्र कर्जासाठी अमुक इतका गुणांक हवाच, असा कोणताही किमान आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. शाखेत कोणी तसे सांगितले, तर ते त्या बँकेचे धोरण असते, नियम नव्हे.

गुणांकात सर्वांत जड पारडे परतफेडीच्या वक्तशीरपणाचे. मागील छत्तीस महिन्यांत कोणत्या महिन्यात किती दिवस हप्ता रखडला, याचा तक्ताच अहवालात असतो. आणि नेमकी इथेच शेतकऱ्याची अडचण सुरू होते. हा तक्ता दरमहा पगार घेणाऱ्या आणि दरमहा हप्ता भरणाऱ्या माणसाला समोर ठेवून आखलेला आहे. शेतीचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. पीक कर्ज वर्षातून एकदा उचलले जाते आणि एकदा फिटते. त्याला आपण ‘नवे-जुने’ करणे म्हणतो. त्या एका व्यवहारात वर्षभराची पत अडकलेली असते. पगारदाराचा एक हप्ता चुकला, तर पुढचे अकरा त्याची बाजू सावरतात; शेतकऱ्याला ती सोय नाही.

रिझर्व्ह बँकेने ही लय काही अंशी ओळखली आहे. इतर कर्जे नव्वद दिवस थकली की अनुत्पादक ठरतात. अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज मात्र दोन हंगाम थकल्यावर आणि दीर्घ मुदतीच्या पिकांचे एक हंगाम थकल्यावर तसे ठरते. या सवलतीचा अनेक शेतकरी असा अर्थ लावतात की, दोन हंगाम उलटेपर्यंत काही बिघडत नाही. वास्तविक खाते अनुत्पादक ठरणे वेगळे आणि मुदत टळणे वेगळे. मुदत टळल्याचे दिवस बँक मोजून कळवू शकते आणि ते अहवालात उमटतात. शिवाय वर्षाच्या आत परतफेड केल्यास तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर सात टक्क्यांचे व्याज चार टक्क्यांवर येते, ती सूटही हातची जाते ती वेगळीच.

पण सगळाच दोष शेतकऱ्याच्या समजुतीचा आहे, असे मी म्हणणार नाही. ऊस उत्पादकाचे उदाहरण घ्या. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने रक्कम मिळाली पाहिजे आणि विलंब झाल्यास त्यावर १५ टक्के व्याज देय आहे. प्रत्यक्षात उत्तर प्रदेशापासून कर्नाटक-महाराष्ट्रापर्यंत ऊस बिलांची थकबाकी ही दर हंगामाची बातमी असते. फेब्रुवारीत ऊस गेला, बिल मे महिन्यात आले आणि कर्जाची मुदत ३१ मार्चला संपली, तर उशीर कारखान्याचा आणि नोंद शेतकऱ्याच्या नावावर. अहवालात कारणासाठी रकाना नाही. गारपीट, अवर्षण, पडलेले भाव, अडकलेले बिल, हे सारे तिथे ‘इतके दिवस विलंब’ या एकाच आकड्यात विरघळून जाते. ज्याचे पैसे दुसऱ्याने थकवले आहेत, त्यालाच थकबाकीदार ठरवणारी ही व्यवस्था न्याय्य आहे, असे मला वाटत नाही.

नैसर्गिक आपत्तीत एक मार्ग आहे आणि तो फार कमी वापरला जातो. शासनाने आपत्ती जाहीर केल्यावर बाधित पीक कर्जाचे पुनर्गठन करून परतफेडीची मुदत वाढवण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत आहे. पुनर्गठन झालेले कर्ज थकीत धरले जात नाही. मात्र हे मुदत टळण्यापूर्वी आणि बँकेत जाऊन करावे लागते. आमच्या भाऊंनी त्या दुष्काळात काय केले? ‘सरकार काहीतरी करील’ म्हणून ते थांबले. गावात सगळेच थांबले होते.

या थांबण्याविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. कर्जमाफीच्या राजकीय बाजूत मी शिरत नाही. बुडत्याला हात देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. २००८ ची केंद्राची योजना, महाराष्ट्रातील २०१७ आणि २०१९ च्या योजना, तेलंगणातील २०२४ ची दोन लाखांपर्यंतची माफी, यांमुळे अनेक घरे सावरली. परंतु माफीची घोषणा आणि खात्यावर प्रत्यक्ष जमा यांमधल्या काळात अहवालातील विलंबाचे दिवस थांबत नाहीत. ज्याची बाकी योजनेच्या मर्यादेबाहेर असते, त्याला तर माफीही मिळत नाही आणि वाट पाहण्यात घालवलेली वर्षे तेवढी नोंदली जातात. ज्यांना माफी मिळाली, त्यांचे खाते अहवालात ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदले गेले की थकबाकीसह तसेच लटकत राहिले, हे पडताळून पाहिलेला शेतकरी मला अद्याप भेटलेला नाही. यादीत नाव आले, अंगठा लावला, विषय संपला, अशीच सर्वांची धारणा असते.

महाराष्ट्र शासनाने पीक कर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे बँकांना वारंवार बजावले आहे. हेतू चांगला आहे. परंतु पीक कर्ज हे शेतकऱ्याच्या कर्जविश्वाचा एक कोपरा झाला. पॉलिहाऊस, शीतगृह, प्रक्रिया उद्योग, दुचाकी, घर, शिक्षण यांसाठीच्या कर्जांना ती सूचना लागू होत नाही. ‘सिबिल विचारूच नका’ या घोषणेने शेतकऱ्याचा एक तात्पुरता अडथळा दूर होतो. त्याच्या नावावर नेमके काय लिहिले आहे, हा प्रश्न तसाच राहतो. प्रगतिशील शेतकऱ्याला तर तो अधिक छळतो, कारण भांडवली गुंतवणूक तोच करतो.

जामीनकीबद्दल मी उपदेश करावा, अशी माझी पात्रता नाही. कारण मी स्वतः त्यात पोळलो आहे. मावसभावाच्या ट्रॅक्टर कर्जाला मी जामीन राहिलो. सही करताना चहा झाला, पेढे झाले. कागद वाचावा असे कोणालाही वाटले नाही. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण ते कर्ज माझ्या पत अहवालात माझ्याच कर्जांच्या रांगेत दिसते आणि त्याचे रखडलेले हप्ते माझ्या नावापुढे उमटतात, हे मला माझ्या घरकर्जाच्या वेळी कळले. भावाचा दोन वर्षे सोयाबीनने घात केला होता. त्याने मला काही सांगितले नाही, कारण संकोच. मी काही विचारले नाही, कारण संकोचच. आपल्याकडे जामीनकी हा नात्याचा व्यवहार आहे. ‘नाही’ म्हणणे म्हणजे नाते तोडणे. मी ‘नाही म्हणा’ असे सांगणार नाही. पण जामीन राहिलात, तर दर हंगामाला हप्ता गेला का, हे विचारण्याचा हक्क सही करतानाच मागून घ्यावा.

इतर काही बाबी धावत्या सांगतो. मेळाव्यात ट्रॅक्टरचा भाव विचारायला गेलेल्या शेतकऱ्याची कागदपत्रे विक्रेता एकाच दिवशी तीन-चार वित्त कंपन्यांकडे पाठवतो. प्रत्येक कंपनीने केलेली चौकशी अहवालात नोंदली जाते आणि थोड्या काळात अनेक चौकश्या झाल्या की गुणांक काहीसा घसरतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र तो घसरत नाही, ही भीती मनातून काढून टाकावी. मोबाइल हप्त्यावर घेणे, अ‍ॅपवरून पाच हजारांचे तातडीचे कर्ज काढणे, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही कर्जच असतात. नोंदणीकृत बँक वा वित्त कंपनीकडून आलेले असे कर्ज कितीही लहान असले, तरी अहवालात जाते. घरातल्या तरुण मुलाने बापाच्या कागदांवर घेतलेला फोन हा आमच्या पाहण्यातला नित्याचा प्रकार आहे.

आणि अहवालात काय येत नाही, तेही पाहण्यासारखे आहे. जमीन किती, उत्पन्न किती, ठेव किती, याला त्यात स्थान नाही. वीस वर्षे कृषी सेवा केंद्राची उधारी दर दिवाळीला चुकती करणाऱ्या शेतकऱ्याची ती सचोटी कुठेच नोंदली जात नाही. गावातील सर्वांत कडक, सर्वांत जुनी आणि बहुधा सर्वांत नियमित पाळली जाणारी पत ही आहे, आणि व्यवस्थेला ती दिसत नाही. बचत गटात वर्षानुवर्षे हप्ते भरणाऱ्या स्त्रीच्या नावावर वैयक्तिक कर्ज नसेल, तर तिच्याविषयी अहवालात लिहिण्यासारखे फारसे काही नसते. गुणांकाच्या जागी उणे एक येते. उणे एक म्हणजे वाईट पत नव्हे, केवळ इतिहास नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला इतिहास नाही एवढ्याच कारणावरून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले असून ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेतही हे स्पष्ट केले. शाखेच्या खिडकीपर्यंत ते कितपत पोहोचले आहे, हे वाचकांनीच आपापल्या अनुभवाने ठरवावे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी बँकांनी बचत गटांच्या सदस्यांसाठी व ग्रामीण जनतेसाठी ‘ग्रामीण क्रेडिट स्कोअर’ ची चौकट तयार करावी, अशी घोषणा झाली. तिचे स्वागत करताना कृषी संशोधन व विस्तार क्षेत्राने गप्प राहू नये, असे माझे म्हणणे आहे. परतफेडीची तारीख पिकाच्या काढणीशी आणि विक्रीशी जोडलेली असावी, महसूल विभागाने जाहीर केलेली आपत्ती त्या खात्यासमोर नोंदली जावी, कारखान्याने थकवलेले बिल शेतकऱ्याच्या विलंबात मोजले जाऊ नये, हे सांगण्यासाठी लागणारे पीकनिहाय ज्ञान बँकांकडे नाही, आपल्याकडे आहे. कोणत्या तालुक्यात तूर केव्हा हाती येते, हे संगणकाला आपणच सांगू शकतो.

तोवर जे हाती आहे, ते करावे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा गुणांकासह संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क २०१७ पासून प्रत्येकाला आहे. एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. मार्चमध्ये नवे-जुने झाल्यावर एप्रिल-मे हा अहवाल पाहण्याचा उत्तम काळ, कारण पेरणीपूर्वी दुरुस्तीला सवड मिळते. अहवालात आपले नसलेले कर्ज आहे का, फिटलेले कर्ज बंद दाखवले आहे का, जामीनकीचे खाते कोणत्या स्थितीत आहे, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. एकाच गावात सारख्या नावाचे चार जण असतात आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी बसते, हे कल्पनेतले संकट नाही. चूक आढळली, तर त्या माहिती कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी. ती तीस दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यांपैकी एकवीस दिवस बँकेला मिळतात. तीस दिवस उलटले, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. थकबाकीची माहिती कळवताना बँकेने आणि अहवाल कोणी पाहिल्यास कंपनीने कर्जदाराला संदेश पाठवायचा असतो. परंतु बँकेत नोंदवलेला क्रमांक आठ वर्षांपूर्वीच्या बंद पडलेल्या सिमचा असेल, तर तो संदेश कोणाला मिळणार? आमच्या केंद्राने यंदापासून माती नमुन्याच्या अर्जासोबत ‘बँकेत कोणता मोबाइल क्रमांक आहे?’ हा एक प्रश्न जोडला आहे. उत्तर देताना निम्मेअधिक शेतकरी आठवू लागतात.

तडजोडीच्या बाबतीत एवढे सांगतो की, दुसरा मार्ग उरलेला नसेल तर तडजोड जरूर करावी. वर्षानुवर्षे थकीत राहण्यापेक्षा ती बरीच. पण सही करण्यापूर्वी हे खाते अहवालात ‘सेटल्ड’ दिसेल, हे शेतकऱ्याला कळले पाहिजे. पुढे ऐपत आल्यावर सोडलेली रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ करून घेण्याविषयी बँकेशी बोलता येते, हेही.

भाऊंनी तेच केले. तूर विकून आलेल्या पैशांतून जे बाजूला ठेवले होते, त्यातून ३४ हजार रुपये त्यांनी भरले. बँकेने पावती आणि पत्र दिले. अहवालातील शब्द मात्र महिनाभर तसाच राहिला. मग आम्ही केंद्राच्या संगणकावर बसून तक्रार नोंदवली. इंग्रजी तपशील भरताना ते शेजारी बसून प्रत्येक ओळीचा अर्थ विचारत होते. सव्विसाव्या दिवशी दुरुस्ती झाल्याचा संदेश आला. तो त्यांनी मला दाखवला, तेव्हा दिवाळी उलटून गेली होती आणि मुलीच्या पहिल्या सत्राचे शुल्क कृषी सेवा केंद्राच्या मालकाने उसने दिलेल्या पैशांतून भरून झाले होते.